महानायकाच्या दिवसाचा हिशेब

'इंद्रजाल कॉमिक्स'मधील वेताळ मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. वेताळ असो वा सुपरमॅन, अशा चित्रकथांत नायक किती बलवान आहे, हाच प्रश्न प्रमुख असतो. हे काम पेलताना त्याला काय मोल द्यावे लागते आणि ज्यांच्या डोक्यावर या लढाया होतात त्या सामान्य माणसांचे काय होते, हे सहसा कोणी विचारत नाही. ते विचारणाऱ्या एका अमेरिकन चित्रकथेची ओळख सभासद बंधू-भगिनींना व विद्यार्थी मित्रांना करून द्यावी, या हेतूने हा लेखनप्रपंच.

मालिकेचे नाव 'ॲस्ट्रो सिटी'. लेखक कर्ट ब्युसिक, चित्रकार ब्रेंट अँडरसन. पहिला अंक ऑगस्ट १९९५ मध्ये 'इमेज कॉमिक्स'तर्फे निघाला. हिला स्वतंत्र चित्रकथा म्हणतात, त्यामागे इतिहास आहे. १९३८ साली जेरी सीगल आणि जो शुस्टर या तरुणांनी सुपरमॅनचे हक्क अवघ्या १३० डॉलरला विकले. कंपनीने अमाप पैसा मिळवला. निर्मात्यांना मात्र कोर्टाची पायरी चढावी लागली. कंपन्यांच्या मालकीविषयीच्या अशाच असंतोषातून १९९२ मध्ये काही चित्रकारांनी 'इमेज'ची स्थापना केली. तेथे पात्रांचे हक्क निर्मात्याकडे राहतात. 'ॲस्ट्रो सिटी'चे प्रकाशक पुढे बदलले, पण हक्क निर्मात्यांकडेच राहिले.

आता वास्तववाद म्हणजे काय, ते पाहू. १९८६-८७ मधील 'वॉचमेन' या गाजलेल्या चित्रकथेने नायकांचे दोष व सत्तेचा कैफ दाखवला. त्यानंतर नायकाला क्रूर किंवा भ्रष्ट दाखवणे म्हणजेच वास्तव, असा अनेकांचा समज झाला. ब्युसिक यांनी वेगळी वाट धरली. त्यांचा नायक सज्जनच आहे. वास्तव आहे ते त्याच्या दिनक्रमात.

पहिल्या अंकातील सामारिटन हा शहराचा सर्वांत बलाढ्य नायक. एरवी तो एका नियतकालिकात मजकुरातील तपशील तपासण्याची नोकरी करतो. दिवसभर संकटाची सूचना येत राहते आणि तो धावत राहतो. आकाशात उडण्याचा आनंद घ्यायला त्याला सवड नाही. एका कामावरून दुसऱ्या कामावर जाताना जे उडणे होईल, तेवढेच. ते सेकंद तो मोजून ठेवतो. दिवसाची बेरीज एक मिनिटही भरत नाही! मनसोक्त उडणे त्याला फक्त स्वप्नात मिळते. आकड्यांत आयुष्य घालवणाऱ्या आम्हा बँकवाल्यांना हा हिशेब फार बोलका वाटला.

दुसरी कथा १९९६ मधील. मायकेल नावाच्या साध्या माणसाच्या स्वप्नात रोज एक अनोळखी स्त्री येते आणि त्याची झोप उडते. अखेर 'हँग्ड मॅन' हे गूढ पात्र त्याला उलगडा करून सांगते. महानायकांच्या एका प्रचंड युद्धात काळच मोडला. तो पुन्हा जोडला गेला, जग वाचले. पण या नव्या काळात ती स्त्री जन्मलीच नाही. ती त्याची पत्नी होती. तिचा विसर पाडून घ्यायचा की आठवण जपायची, एवढीच निवड त्याच्या हाती उरते. तो आठवण जपतो आणि इतरांनी काय निवडले, असे विचारतो. विसरणे कोणीच पत्करलेले नसते.

जग वाचले, या वाक्यात मायकेलची पत्नी मोजली गेलेली नाही, आणि सामारिटनचा थकवाही नाही. या दोन्ही गोष्टी हिशेबात घेणे, हाच आमच्या मते या चित्रकथेचा वास्तववाद होय. कोणा एकाला महान ठरवून सारा भार त्याच्यावर टाकणे सोपे असते. विद्यार्थी मित्रांनी कोणत्याही नायकाची कथा वाचताना दोन प्रश्न जरूर विचारावेत: या माणसाला स्वतःसाठी किती वेळ उरला? आणि विजयाच्या बातमीत कोणाचे नाव आलेच नाही?