आधी हप्ता, मग वस्तू

मागील लेखांकात चक्रवाढ व्याजाची आकारणी कशी होते हे आपण पाहिले. त्याच अनुषंगाने आज विचारात घ्यावयाचा प्रश्न असा की, दरमहा ठराविक हप्ता भरण्याची ऐपत ज्या कुटुंबाला आहे, त्याने तो हप्ता वस्तू घरी आणल्यानंतर भरावा की आणण्यापूर्वी?

१२,००० रुपयांचे एक शीतकपाट घेऊ. दुकानदार ते एक वर्षाच्या मुदतीवर सरसकट १२ टक्के व्याजाने देऊ करतो, म्हणजे १,४४० रुपये व्याज मुद्दलात मिळवून दरमहा १,१२० रुपयांचा हप्ता बांधून देतो. वास्तविक हप्त्यागणिक मुद्दल फिटत असते, सहा महिन्यांनी ते जवळजवळ निम्म्यावर आलेले असते. तथापि व्याजाची आकारणी अखेरपर्यंत पूर्ण रकमेवरच धरलेली असल्यामुळे, घटत्या बाकीवर हिशेब मांडू गेल्यास हाच दर दरसाल दरशेकडा साडेएकविसाच्या घरात जातो. 'बिनव्याजी' हप्त्यांविषयी तर रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले आहे की, शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वातच नसते. आता हाच १,१२० रुपयांचा हप्ता बँकेतील आवर्ती ठेवीत टाकला, तर अकराव्या महिन्यात, व्याज जमेस न धरताही, १२,३२० रुपये हाती येतात, आणि वस्तू रोखीने घेता येते.

परंतु व्याज वाचते हा या रीतीचा मला लहान लाभ वाटतो. घरात आजारपण आले किंवा नोकरी सुटली, तर बचतीचा हप्ता चार महिने थांबवता येतो, जमलेली रक्कम औषधपाण्याला वळवता येते. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. आपल्याकडील भिशीत हे दोन्ही व्यवहार एकत्र नांदतात. बारा शेजारणी दरमहा हजार रुपये घालतात आणि चिठ्ठी निघेल तिला बारा हजार मिळतात. पहिली चिठ्ठी जिची, ती उरलेले अकरा महिने ऋणको असते, आणि शेवटची जिची, तिने वर्षभर निखळ बचत केलेली असते. वर्गणी दोघींची सारखीच, पण वर्षाच्या मध्यात संकट आल्यास पहिलीची विवंचना निराळी असते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ऋण काढून सण करणारा म्हणून कर्जदाराची संभावना करण्याची आपली जुनी खोड आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने लुटली, कर्जखते हुडकून जाळली, आणि हा उठाव गावोगाव पसरला. त्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगानेही नमूद केले आहे की, रयतेच्या कर्जबाजारीपणाचे कारण म्हणून लग्नसमारंभांच्या खर्चाला अवास्तव महत्त्व दिले गेले. सारा आणि अवर्षण यांच्या कात्रीत सापडलेल्या माणसाजवळ शिल्लक टाकण्याजोगे काही नसते, आणि त्याला बचतीचा उपदेश करणे मला निष्ठुरपणाचे वाटते. माझे सांगणे ज्यांच्या मिळकतीत आजच हप्त्याएवढी रक्कम सुटते त्यांच्यापुरतेच आहे. शिवाय शिलाई यंत्रासारखी, घरात आल्या दिवसापासून कमाई सुरू करणारी वस्तू असेल, तर तिच्या मिळकतीतून व्याज वजा जाता काय उरते, हे पाहूनच निर्णय करावा.

राहते घर या दोन्ही प्रकारांत नीट बसत नाही, कारण रक्कम साठेपर्यंत भाडे भरावे लागते आणि जागेचे भावही चढत असतात. त्याचा हिशेब पुढील लेखांकात मांडू.