करंज आणि ओळखीचा प्रश्न

पाणबुडीचा पराक्रम म्हटला की तिने जहाजे किती बुडविली, हा हिशेब आपण प्रथम मागतो. त्या मापाने १९७१ च्या युद्धात आपल्या ‘करंज’च्या खात्यावर शून्य आहे. तरीही तिचे कप्तान कमांडर विजयसिंह शेखावत यांना वीरचक्र मिळाले, आणि ते योग्यच झाले असे मी म्हणतो.

उरणच्या करंजा बेटाचे नाव धारण करणारी ही पाणबुडी ४ सप्टेंबर १९६९ रोजी सोव्हिएत संघातील रीगा येथे आपल्या आरमारात दाखल झाली. लांबी सुमारे ९१ मीटर, आत माणसे पाऊणशे. पाण्यावर डिझेल एंजिन, पाण्याखाली बॅटरीवर चालणाऱ्या मोटारी. उतरलेली बॅटरी भरावी लागते, हे चिंचवड-भोसरीच्या श्रोत्यांना सांगावयास नको. पण येथे त्यासाठी एंजिन चालवावयाचे तर हवा हवी, म्हणून श्वासनळी पाण्यावर काढावी लागते, आणि तेवढ्यात शत्रूला सुगावा लागू शकतो. त्यातून बांधणी थंड समुद्राच्या देशातली. अरबी समुद्रात आतली माणसे घामाने निथळत, आणि गोडे पाणी मात्र मोजून.

युद्धाच्या तोंडावर ‘कुरसुरा’ कराचीच्या बाजूच्या समुद्रात गस्तीवर होती. तिच्या जागी करंज गेली. हुकूम असा, की शत्रूची युद्धनौकाच आहे अशी खात्री पटल्यावाचून मारा करावयाचा नाही. कागदावर हे सुटसुटीत दिसते. परंतु त्या वाटेवर नाना देशांची व्यापारी जहाजे. ध्वनियंत्रावर पंख्याची घरघर ऐकू येते, निशाण दिसत नाही! ते पाहावयाचे तर जवळ जाऊन परिदर्शक वर काढावा लागतो, म्हणजे आपणच सापडण्याचा धोका. तिकडे ९ डिसेंबरला पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने आपली ‘खुकरी’ बुडविली. १८ अधिकारी व १७६ नौसैनिक गेले. अशा दिवसांत हात आवरून धरणे सोपे नव्हे.

ओळख चुकली तर काय होते, हे करंजच्या पहिल्या कप्तानांनी त्याच आठवड्यात सोसले. मोहन नारायण सामंत तेव्हा पाणबुडीवर नव्हते. आपली ‘पनवेल’ आणि मुक्तिवाहिनीच्या ‘पद्मा’ व ‘पलाश’ या तोफनौका घेऊन ते नदीमार्गे खुलन्याकडे निघाले होते. ओळखीसाठी नौकांचे माथे पिवळे रंगविलेले होते. तरी १० डिसेंबरला आपल्याच नॅट विमानांनी त्यांना शत्रू समजून हल्ला केला. पद्मा आणि पलाश गेल्या. पलाशच्या एंजिनखान्यातले रुहुल अमीन प्राणास मुकले. बांगलादेशाने पुढे त्यांना आपला सर्वोच्च वीरसन्मान दिला. पनवेल वाचली. सामंतांना महावीरचक्र मिळाले.

जुनी करंज २००३ साली निवृत्त झाली. माझगाव गोदीत बांधलेली नवी करंज १० मार्च २०२१ रोजी मुंबईत दाखल झाली, तेव्हा प्रमुख पाहुणे होते माजी नौदलप्रमुख अॅडमिरल शेखावत.