हृदय-शस्त्रक्रियेनंतर पुन्हा कामावर

डहाणू तालुक्यातील वाणगाव हे पश्चिम रेल्वेवरील गाव चिकूच्या वाड्या आणि मिरचीची शेती यांसाठी परिचित आहे. येथील माणसांचा दिवस पहाटेच सुरू होतो. कोणी वाडीत उतरतो, कोणी बोईसर-तारापूरच्या कारखान्याची वाट धरतो, तर कोणी शंभर किलोमीटरहून अधिक अंतर कापून मुंबईस नोकरीसाठी जातो. १६ एप्रिल २०१३ पासून उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत धावू लागल्या आणि या प्रवासाची सोय वाढली. पावसाळा सरला की परिसरातील अनेक आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि मासेमारीच्या बोटींवर कामास जातात. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. घरातील एक कमावता हात थांबला, की घराचा गाडा अडतो.

अशा घरातील माणसाच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली, की कुटुंबापुढे दोन प्रश्न उभे राहतात. माणूस वाचेल काय, हा पहिला. त्याचे उत्तर रुग्णालयात मिळते. माणूस पुन्हा कामावर कधी जाईल, हा दुसरा. तो घरी परतल्यावर पुढे येतो आणि तेव्हा शल्यचिकित्सक जवळ नसतात. उत्तर मग शेजारीपाजारी देतात. एक म्हणतो, आता जन्मभर खाटेवरच बसावे. दुसरा म्हणतो, जखम सुकली, आता काय अडचण? ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत.

शस्त्रक्रियेत काय घडते?

हृदयास रक्त पुरविणाऱ्या धमन्या अरुंद झाल्या, की पायातील शिरेचा किंवा छातीच्या आतील धमनीचा उपयोग करून रक्तासाठी नवा मार्ग जोडला जातो. हीच बायपास शस्त्रक्रिया. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे डॉ. रेने फावालोरो यांनी १९६७ साली या पद्धतीचा पाया घातला. भारतात ती प्रथम १९७५ साली मद्रासच्या पेरांबूर येथील रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी केली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी तर १९६८ सालीच हृदय-प्रत्यारोपणाचे धाडस केले होते. आज ही शस्त्रक्रिया नित्याची झाली आहे.

या शस्त्रक्रियेसाठी बहुधा छातीचे मधले हाड उभे कापून, नंतर ते पोलादी तारांनी सांधले जाते. वरची त्वचा दोन-तीन आठवड्यांत भरून येते. हाड सांधण्यास मात्र साधारण सहा ते आठ आठवडे लागतात आणि पूर्ण बळकटी येण्यास त्याहून अधिक काळ जातो. बाहेरून बरा दिसणारा माणूस आतून अद्याप बरा झालेला नसतो, तो यामुळेच. या काळात चार-पाच किलोंहून अधिक वजन उचलणे, ओढणे किंवा ढकलणे टाळावयाचे असते.

याचा अर्थ पडून राहावे असा मात्र नव्हे. रुग्णालयातूनच चालण्यास आरंभ होतो आणि ते रोज थोडे-थोडे वाढवावयाचे असते. चालताना सहज बोलता यावे, एवढीच गती ठेवावी. धाप लागून बोलणे तुटल्यास थांबावे. अंथरुणास खिळून राहिल्याने स्नायू दुबळे होतात, मनही खचते. शस्त्रक्रियेनंतर उदासी, झोप न लागणे, चिडचिड होणे हे अनेकांच्या वाट्यास येते. तो स्वभावाचा दोष नव्हे, हे घरच्यांनी जाणावे.

काम कोणते, यावर मुदत अवलंबून

टेबलावर बसून काम करणारा लिपिक बहुधा सहा ते आठ आठवड्यांनी रुजू होऊ शकतो. अंगमेहनतीच्या कामास सुमारे तीन महिने, क्वचित अधिक काळ लागतो. अंतिम निर्णय अर्थातच तपासणी करून डॉक्टरांनी द्यावयाचा. त्यासाठी रुग्णाने केवळ ‘शेती करतो’ असे न सांगता आपले काम तपशिलाने सांगितले पाहिजे.

वाडीतील कामाचेच पाहा. सोळा लिटरचा फवारणी पंप भरून पाठीवर घेतला, की त्याचे ओझे वीस किलोंच्या आसपास जाते. चिकू तोडताना हात सतत डोक्यावर उचलावे लागतात आणि त्याचा ताण नेमका छातीच्या हाडावर येतो. उलट फळांची प्रतवारी, रोपांची देखरेख, हिशेब ही कामे लवकर हाती घेता येतात. मुंबईस जाणाऱ्यास कचेरीतील कामापेक्षा गाडीतील रेटारेटी अधिक घातक ठरते. त्याने आरंभी गर्दीची वेळ टाळावी. दुचाकी चालविण्यास निदान सहा आठवडे थांबावे व डॉक्टरांची अनुमती घ्यावी.

ज्यांच्या हृदयात धातूची झडप बसविलेली असते, त्यांना रक्त पातळ ठेवणारे औषध आजन्म घ्यावे लागते व ठरावीक मुदतीने रक्ततपासणी करावी लागते. कोयता, विळा, यंत्राची पाती यांपासून त्यांनी विशेष जपावे. बरे वाटते म्हणून हे औषध स्वतःच्या मनाने बंद करणे प्राणावर बेतू शकते. तंबाखू व विडी मात्र सर्वांनीच कायमची सोडावी.

छातीत दुखणे, धाप लागणे, पायांवर सूज, ताप, जखमेतून स्राव किंवा हाड आत हलल्यासारखे वाटणे, यांपैकी काहीही झाल्यास काम थांबवून तत्काळ रुग्णालय गाठावे.

भार कोणी उचलावयाचा?

२४ जानेवारी २००९ रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्यावर दिल्लीत बायपास शस्त्रक्रिया झाली. मुंबईचे डॉ. रमाकांत पांडा यांनी ती केली. १९९० नंतरची ही त्यांची दुसरी बायपास होती. त्या काळात प्रणव मुखर्जी यांनी कामाचा भार सांभाळला. डॉ. सिंग पुढे कामावर परतले आणि त्याच वर्षी २२ मे रोजी दुसऱ्यांदा पंतप्रधानपदाची शपथ घेऊन त्यांनी पाच वर्षे कारभार पाहिला. हृदय-शस्त्रक्रिया म्हणजे कर्तृत्वाचा शेवट नव्हे, याचे हे ठळक उदाहरण होय. परंतु त्यांचा भार उचलणारे सहकारी होते. वाणगावच्या वाडीतील मजुराचा भार कोण उचलणार?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली हृदय-शस्त्रक्रियांचा समावेश असून, आता कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. मात्र तो रुग्णालयाचा खर्च होय; बुडालेली मजुरी त्यातून मिळत नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेतील पात्र कामगारास आजारपणात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के लाभ मिळतो. काही गंभीर, दीर्घकालीन विकारांत तो वाढीव दराने अधिक काळ मिळू शकतो. शासकीय कर्मचाऱ्यास १९८१ च्या रजा नियमांनुसार वैद्यकीय कारणासाठी परिवर्तित रजा घेता येते. रुजू होताना शारीरिक योग्यतेचे प्रमाणपत्र द्यावे लागते. रोजंदार मजुरास यांपैकी काहीच नसते. म्हणूनच तो महिनाभरातच पुन्हा टोपली उचलतो.

येथे गावाचे कर्तव्य सुरू होते. पंचायत सदस्यांनी आशा कार्यकर्तीच्या मदतीने अशा रुग्णांची माहिती ठेवावी, त्यांच्या तपासण्या चुकू देऊ नयेत आणि रोजगार हमीच्या कामावर पाणी देणे, मुले सांभाळणे यांसारखी हलकी कामे त्यांना मिळतील असे पाहावे. वाडीमालकाने काही आठवडे ओझ्याचे काम दुसऱ्यास देऊन अनुभवी माणूस राखावा. त्यात त्याचेही हित आहे. कार्यालयप्रमुखांनी शस्त्रक्रियेतून आलेल्या शिक्षकास वा कर्मचाऱ्यास लगेच निवडणुकीच्या वा सर्वेक्षणाच्या धावपळीत जुंपू नये. ‘हा आता उपयोगाचा नाही’ असा शिक्काही मारू नये.

शल्यचिकित्सक हृदय दुरुस्त करून माणूस घरी पाठवितात. त्याला पुन्हा आपल्या पायांवर उभे करण्याचे उरलेले काम घर, गाव आणि कचेरी यांनी मिळून करावयाचे आहे. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. तीन महिन्यांचा धीर आणि थोडी समजूत पुरेशी आहे.