गोधडी शिवा, पण हिशेब मांडा

थंडी पडली की घरातली गोधडी बाहेर निघते. कुणी तिला गोधडी म्हणतं, कुणी वाकळ म्हणतं. जुनं लुगडं, विरलेलं धोतर, पोरांचे आखूड झालेले सदरे, सगळं तिच्या पोटात जातं. दुपारची भांडी झाली की बाई ओसरीवर गोधडी पसरून बसते. शेजारीण येते. तीही एका कडेनं सुई घालते. बोलता बोलता चार ओळी होतात. ह्याला कुणी काम म्हणत नाही. "रिकामी बसले होते, म्हणून शिवली," असं ती बाई स्वतःच सांगते.

ह्याच गोधडीला आता शहरात गिऱ्हाईक आहे. हातानं शिवलेली, मऊ सुती गोधडी लोक आवडीनं घेतात. कुणी अंगावर घ्यायला घेतं, कुणी पलंगावर अंथरायला. कुणी बारशाला भेट द्यायला घेतं. तेव्हा हाताला सवय आहे, सुई घरात आहे, मग जोडधंदा का करू नये? जरूर करावा. पण हौसेनं गोधडी शिवणं वेगळं आणि विकायला शिवणं वेगळं. घरची गोधडी वाकडी झाली तरी ऊब देते. विकायची गोधडी गिऱ्हाईक उलटी करून बघतं.

आधी कापड बघा. सुती कापडच घ्या. नायलॉन, टेरिलीनच्या साड्या स्वस्त मिळतात, पण त्या घाम टिपत नाहीत. सुईखाली सरकतात, आणि ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटतात. बोहारणीकडं जुन्या सुती साड्या मिळतात. उजेडाकडं धरून बघा. कापड दोन्ही हातांनी हलकेच ताणा. टरकलं तर ते सोडून द्या. वरून छान दिसणारी साडी घडीवर जिरलेली असते. तिच्यावर महिनाभर टाके घातले, आणि पहिल्याच धुण्यात ती फाटली, तर मेहनत गेली आणि नावही गेलं.

रंगाची परीक्षा घ्या. पांढरी चिंधी ओली करून कापडावर जोरानं घासा. चिंधीला रंग लागला तर ते कापड गोधडीत घालू नका. मीठ घातलं की रंग पक्का होतो, असं पुष्कळ जण सांगतात. विकायच्या मालाला त्या भरवशावर राहू नका. नवं कापड घेतलं असेल तर तेही आधी धुऊन वाळवा. नवं कापड धुतल्यावर आटतं. जुनं आटत नाही, कारण ते आधीच आटलेलं असतं. दोन्ही तसंच जोडलं तर गोधडी धुतल्यावर चुरमडते.

आता माप. साडीचा पन्हा साधारण ४५ इंच असतो. म्हणजे पावणेचार फूट. एका माणसाच्या गोधडीला तो पुरतो. मध्ये जोड लागत नाही. लांबी ७ फूट धरू. नऊवारी लुगडं २७ फूट. त्यातून ७ फुटांचे तीन तुकडे निघतात आणि ६ फूट उरतं. सहावारी साडी १८ फूट. तिच्यातून दोन तुकडे निघतात आणि ४ फूट उरतं. एक नऊवारी आणि एक सहावारी मिळून पाच थर झाले. उरलेलं कापड ठिगळांच्या नक्षीला आणि कडेला लावायला होतं.

नक्षीसाठी फार डोकं शिणवू नका. तीन रंग पुरे. एक गडद, एक फिका, एक उठून दिसणारा. लुगड्याचे काठ कापून चारी बाजूंनी चौकटीसारखे लावले तर साधी गोधडीही भारी दिसते. शिवण्याआधी तुकडे जमिनीवर मांडा. मग दारात उभं राहून लांबून बघा. जवळून सगळेच रंग बरे दिसतात. लांबून चूक कळते.

थर एकावर एक पसरले की सुरकुत्या काढा. लांब लांब कच्चे टाके घालून सगळे थर एकत्र बांधा. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून बाया ते टाळतात. मग शिवताना खालचा थर सरकतो आणि मध्ये पोट येतं. ते पोट पुढं काही केल्या जात नाही. नंतर धावदोरा घाला. दोरा मेणावरून ओढून घेतला तर गुंतत नाही. गाठ थरांच्या आत लपवा. गोधडी उलटी केली तर गाठ दिसता कामा नये.

आणि कड! गिऱ्हाईक पैसे देतं ते कडेला बघून. कड कच्ची राहिली, कोपरा गोळा झाला, तर बाकीच्या गोधडीवर केलेली मेहनत कुणाला दिसत नाही. कडेला नव्या, मजबूत कापडाचा गोट लावा. सगळीकडं सारख्या रुंदीचा ठेवा. कोपऱ्यावर घडी तिरपी घाला, म्हणजे कोपरा काटकोनात बसतो. शेजारच्या कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यात, सिद्दी लोक राहतात. त्यांच्या बाया आपल्या गोधडीला कवंदी म्हणतात. कवंदीच्या कोपऱ्यांवर चिंधीची घडी घालून त्रिकोणी फूल लावतात. फुलं लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. त्या कवंद्या आज कौतुकानं विकत घेतल्या जातात. शेवटचा हात फिरवायला त्या कंटाळत नाहीत, हे ध्यानात घेण्यासारखं आहे.

इथवर बहुतेक बायांना येतंच. अडतं ते पुढं.

शहरातली एक बाई दारात येते. गोधडी हातात घेऊन म्हणते, "मावशी, किती सुंदर शिवलीत हो! पाचशे देते."

घरातली बाई लाजते. म्हणते, "द्या तुमच्या मनाला येईल ते."

पाचशे रुपये हातात पडतात. बाई खुश होते. जुन्या लुगड्याचे पाचशे आले, असं तिला वाटतं. आता आपण कागद-पेन्सिल घेऊ आणि हा सौदा मांडून बघू. खालचे आकडे समजुतीपुरते आहेत. तुमच्या गावचे भाव तुम्ही घाला.

दोन जुन्या साड्या २५० रुपये. दोरा ८०. गोटाचं नवं कापड १२०. साबण, सुया, मेण ३०. पिशवी आणि एस.टी.चं भाडं ७०. एकूण ५५० रुपये झाले.

म्हणजे पाचशेला गोधडी देऊन बाईनं पदरचे पन्नास रुपये घातले. मजुरी तर अजून धरलेलीच नाही!

"पण साड्या घरच्याच होत्या," असं कुणी म्हणेल. घरच्या असल्या तरी बोहारणीला दिल्या असत्या तर भांडं आलं असतं. त्यांची किंमत धरलीच पाहिजे. शिवाय घरच्या साड्या दोन-तीन गोधड्यांत संपतात. चौथीला विकत आणाव्या लागतात, आणि तेव्हा भाव वाढवायला गेलं की जुनं गिऱ्हाईक रागावतं.

आता मजुरी. गोधडी ४५ इंच रुंद आहे. अर्ध्या अर्ध्या इंचावर ओळ घातली तर ९० ओळी होतात. एक ओळ ७ फुटांची. नव्वद साते सहाशे तीस. म्हणजे सुई ६३० फूट चालली! एका ओळीला पाव तास धरा. ९० ओळींना साडेबावीस तास लागले. धुणं, इस्त्री, मांडणं, कच्चे टाके ह्यांना ४ तास. गोट लावायला साडेतीन तास. एकूण ३० तास झाले. तासाला ४० रुपये धरले तर मजुरी १,२०० रुपये होते. तेवढी तरी धरायलाच हवी.

सामान ५५० आणि मजुरी १,२००. गोधडी १,७५० रुपयांना पडली.

ती दुकानात ठेवायची तर दुकानदार आपला हिस्सा घेतो. समजा तो शंभरात तीस घेतो. मग दुकानातली किंमत २,५०० हवी. त्यातले ७५० त्याचे, १,७५० तुमचे. दुकानदार लुटतो, असं लगेच म्हणू नका. तो भाडं भरतो, दिवा लावतो, दिवसभर बसतो. पण हिस्सा किती, हे आधी ठरवा आणि कागदावर लिहून घ्या.

ओळी किती जवळ घालायच्या, हेही आता कळेल. पाव इंचावर घातल्या तर १८० ओळी होतात. काम दुप्पट होतं. मग किंमत तीच कशी राहील? दाट टाक्याची आणि विरळ टाक्याची, अशा दोन गोधड्या जवळ ठेवा. गिऱ्हाईक महाग म्हणालं तर आपली मजुरी कमी करू नका, विरळ टाक्याची गोधडी दाखवा. मशीनवर शिवलेली गोधडी बाजारात ह्याहून स्वस्त मिळते. तिच्याशी भावात झगडू नका. आणि मशीनची शिलाई हातची म्हणून कधी विकू नका.

पहिल्यांदा मोठी गोधडी न करता बाळाचं दुपटं करून बघावं, असं मला वाटतं. अडीच फूट रुंद, तीन फूट लांब. अर्ध्या इंचावर ६० ओळी, म्हणजे १८० फूट धावदोरा. मोठ्या गोधडीच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी. तीन थर पुरतात. लवकर होतं आणि लवकर विकलं जातं. फक्त त्याला आरसे, मणी, बटणं लावू नका. तान्हं मूल सगळं तोंडात घालतं.

दुसरी एक वाट आहे. शहरातल्या घरांतून आईच्या, आजीच्या साड्या पेटीत पडून असतात. नेसवत नाहीत आणि टाकवतही नाहीत. लोक म्हणतात, "ह्यांची गोधडी करून द्या." इथं कापड त्यांचं, मजुरी तुमची. पैसे अडकत नाहीत. पण जोखीम मोठी आहे. ती साडी दुसरी मिळणार नाही. म्हणून साड्या घेतानाच वहीत लिहा. किती साड्या, कुठल्या रंगाच्या, कुठं फाटलेल्या, कुठं डाग आहे. कुठला पदर वर दिसायला हवा, ते विचारा. विचारल्याशिवाय कात्री लावू नका. काठाची उरलेली चिंधीसुद्धा परत करा. आपल्याला ती चिंधी वाटते. एखाद्या लेकीला तिच्यात आई दिसते.

अशा कामाला निम्मे पैसे आधी घ्या. मागायला संकोच वाटतो. पण गवंडीही आगाऊ घेतो, मंडपवालाही घेतो. त्यांना कुणी नावं ठेवत नाही.

व्यापारी येऊन "मी कापड देतो, तुम्ही नगावर शिवा" म्हणाला तर? काम मिळतं, ते वाईट नाही. पण तासाचा हिशेब करूनच हो म्हणा. अहमदाबादच्या दर्यापूर भागात गिरण्यांच्या चिंध्या जोडून खोळी शिवणाऱ्या बाया होत्या. चिंध्या व्यापाऱ्याच्या, दर व्यापाऱ्याचा. घरात बसून एकेकटीनं शिवायचं, त्यामुळं दुसरीला काय मिळतं ते पहिलीला ठाऊक नाही. १९७२ साली इला भट्ट यांनी 'सेवा' ही कष्टकरी बायांची संघटना सुरू केली होती. तिनं ह्या बायांना एकत्र आणलं. त्यांनी वाढीव दर मागितला. पुढं 'सबीना' नावाची स्वतःची सहकारी संस्था काढली. तुमच्या गावात बचत गट असेल तर हे काम गटातून करा. कापड एकदम घेतलं की स्वस्त पडतं. एकीची सुई थांबली तर दुसरी काम पुरं करते. मुंबईत बचत गटांच्या मालाचं महालक्ष्मी सरस नावाचं प्रदर्शन भरतं. तिथं गिऱ्हाईक समोर भेटतं.

धंद्याची सरकारी नोंद करायची तर 'उद्यम' नोंदणी आहे. ती १ जुलै २०२० पासून सुरू झाली. तिला सरकारी फी नाही. कुणी फी म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. कर्जाची मात्र सुरुवातीला घाई नको. सुई-दोऱ्याला कर्ज लागत नाही. पहिल्या दोन गोधड्या विकून तिसरीचं कापड आणावं.

पैसे शिवणारीच्या नावच्या बँक खात्यात जावेत. घरातल्या पुरुषांनीही हे वाचावं, म्हणून इथं लिहिलं. घरखर्चाला ती देईलच. पण किती आले आणि किती गेले, हे तिच्या वहीत तिच्या हातानं लिहिलेलं असावं.

गोधडी देताना तिच्याबरोबर एक चिठ्ठी द्या. छापायची गरज नाही. आपल्याच अक्षरात लिहा. अक्षर वाकडं आलं तरी चालेल. चिठ्ठीत एवढंच हवं:

"ही गोधडी हातानं शिवली आहे. कापड सुती आहे. गार पाण्यात, थोड्या साबणानं धुवावी. पिळू नये. सावलीत वाळवावी. टाका उसवला तर कळवावे, शिवून देऊ."

खाली आपलं नाव आणि गाव लिहा.