आईचा गुडघा बदलायचा का?

रविवारी संध्याकाळी पापाकुरातून घरी व्हिडिओ कॉल लावला, की आई खुर्चीचे हात धरून उठताना दिसते. "डॉक्टर म्हणतात गुडघा बदला. तुला काय वाटतं?" तुमच्याही घरी हा प्रश्न आला असेल, तर उत्तर देण्याआधी थोडं समजून घ्या.

गुडघा बदलणं म्हणजे अख्खा गुडघा काढणं नव्हे. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची झिजलेली टोकं थोडी कापून त्यांवर धातूचे भाग बसवतात, मध्ये प्लास्टिकची चकती. २००० साली पंतप्रधान वाजपेयींच्या गुडघ्यावर मुंबईत ब्रीच कँडी रुग्णालयात हीच शस्त्रक्रिया झाली होती.

मोठा फायदा म्हणजे दुखणं कमी होतं. रात्री झोप लागते, बाजारापर्यंत चालता येतं. २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार १०० पैकी साधारण ८२ कृत्रिम गुडघे २५ वर्षं टिकतात. मात्र पन्नाशीत ऑपरेशन केलं, तर पुढे ते पुन्हा करावं लागण्याची शक्यता सत्तरीतल्यापेक्षा बरीच जास्त असते.

आता धोके. साधारण शंभरात एकाला सांध्यात जंतुसंसर्ग होतो. पायात रक्ताची गुठळी होऊ शकते, गुडघा आखडू शकतो. आणि पाचातला जवळजवळ एक जण नंतरही पूर्ण समाधानी नसतो. मांडी घालून पूजेला बसता येईल, ही आशा बहुतेकदा पुरी होत नाही. हे आईला आधीच सांगायला हवं.

"मग इकडेच बोलावून करू" असं वाटत असेल, तर थांबा. व्हिजिटर व्हिसावर न्यूझीलंडच्या सरकारी रुग्णालयात हे मोफत होत नाही. एसीसी पाहुण्यांनाही मिळते, पण अपघाताच्या दुखापतीला. वयाने झिजलेल्या गुडघ्याला नाही. म्हणजे बहुतेकांसाठी ऑपरेशन तिकडेच. नंतर काही आठवडे लांबचा विमानप्रवासही नको, गुठळीची भीती असते.

एक्स-रे वाईट दिसतो म्हणून घाई नको; झीज आणि दुखणं यांचं प्रमाण नेहमी जुळत नाही. आधी व्यायाम, वजन, गोळ्या हे नीट करून पाहिलंय का, ते विचारा. मग विचारा, "आई, गुडघ्यामुळे तू काय काय सोडलंस?" यादी मोठी असेल आणि ती स्वतः तयार असेल, तर होऊ द्या.

आणि सुट्टी काढाल ती फक्त ऑपरेशनच्या दिवसापुरती नको. रोज दुखत असताना गुडघा वाकवायचा असतो ते पुढचे सहा आठवडे. सोबत तेव्हा लागते.