कोरणीचे धनी

जुन्या छापील नकाशांचा विषय निघाला की आमच्यातली जाणकार मंडळी लगेच एक खेळ मांडून बसतात: अमुक गाव पहिल्यांदा कोणत्या नकाशात आलं? मुंबई कधी, चौल कधी, पुणं कधी? खेळ वाईट नाही, पण ज्यानं तो नकाशा तांब्याच्या पत्र्यावर उलटा कोरला त्याचं नाव त्यात कुणी घेत नाही. मी हा वाद वर्षानुवर्षं घालत आलो आहे. संपादकांनी पानं दिलीच आहेत, तर इथंही घालतो.

सुरुवातीचा भाग उरकून टाकू. टॉलेमीच्या भूगोलाची १४७७ ची बोलोन्या आवृत्ती तांब्यावरून छापली, १४८२ ची उल्म आवृत्ती लाकडी ठशांवरून. १५७० मध्ये अँटवर्पच्या ऑर्टेलियसनं एका मापाचे नकाशे एका पुस्तकात बांधले. त्याचं कौतुक सगळ्यांनाच पाठ आहे. मला तो आवडतो तो वेगळ्या कारणासाठी. हा गृहस्थ नकाशे रंगवण्याच्या कामापासून वर आलेला. ज्यांच्या जिवावर आपलं पुस्तक उभं राहिलं त्यांची नावनिशीवार यादी त्यानं छापली आणि बहुतेक पत्रे कोरणाऱ्या फ्रान्स होगेनबर्गचा ऋणनिर्देशही केला. पुढं मेर्काटरचे पत्रे होंडियसनं विकत घेतले, ब्लाऊंनी १६६२ मध्ये अकरा खंडांचा लॅटिन अ‍ॅटलास काढला आणि १६७२ च्या आगीत त्यांचा छापखाना गेला. ब्लाऊंवर लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांचं त्यांना लखलाभ.

आता माझ्या आवडीच्या पानाकडे येतो. यान हाउखेन फान लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ ते १५८८ गोव्यात आर्चबिशपच्या पदरी कारकुनी करत होता. परत गेल्यावर त्यानं लिहिलेला प्रवासग्रंथ अ‍ॅमस्टरडॅमच्या कोर्नेलिस क्लास या प्रकाशकानं १५९६ मध्ये काढला. त्यात घडी घातलेलं एक भलंमोठं पान आहे, गोवा शहर आणि बेटाचं. कोरणारा बाप्टिस्टा फान डुटेकम. त्याचे वडील आणि काका यांची ख्याती अशी की आम्लानं खाऊन काढलेली त्यांची रेघ कोरणीनं ओढल्यासारखी दिसायची. अशा घरात हात तयार झालेला माणूस! हे पान भिंगाखाली धरा. घरांची छपरं, रस्ते, चर्च, मांडवीतली जहाजं. रेघ सुरू होताना केसासारखी बारीक, मध्ये भरदार, सुटताना पुन्हा बारीक. कोरणी कुठं दाबली आणि कुठं सैल सोडली ते चारशे वर्षांनंतरही वाचता येतं. डुटेकमनं गोवा शहर पाहिलेलं नव्हतं. कारकुनाच्या चित्रांवरून त्यानं ते उभं केलं, तेही उजव्याचं डावं करून.

दोन वर्षांत लंडनच्या जॉन वुल्फनं हा ग्रंथ इंग्रजीत आणला आणि त्यासाठी पत्रे नव्यानं कोरून घेतले. छापलेलं चित्र जसंच्या तसं तांब्यावर उतरवलं तर छापताना ते उलटं येतं. म्हणून नक्कल करणाऱ्यालाही डोकं लागतं. त्या कोरणाऱ्यांत एक होता रेनॉल्ड एल्स्ट्रॅक. आमची 'पहिलं गाव' शोधणारी मंडळी १६१९ च्या मुघल हिंदुस्थानच्या नकाशाला बॅफिनचा नकाशा म्हणतात. मुघल दरबारातला इंग्रज वकील टॉमस रो यानं आणलेली माहिती, विल्यम बॅफिननं बसवलेला आराखडा, हे कबूल. पण लाहोर–आग्रा रस्त्याच्या दुतर्फा झाडांची ती ओळ आणि मुघल निशाणावरचा सिंह-सूर्य तांब्यात कुणी उतरवला? याच एल्स्ट्रॅकनं. एकवीस वर्षांपूर्वी लिन्सखोटेनचे नकाशे कोरताना ज्याची कोरणी हिंदी महासागरात फिरली होती, तो हा माणूस. या धाग्यावर कुणी पान खर्चत नाही.

अठराव्या शतकात फ्रेंच नकाशाकार दाँव्हिलनं हिंदुस्थानचा १७५२ चा नकाशा केला. खात्री नाही तिथं कोरी जागा ठेवण्याची त्याची हिंमत मोठी, आणि ती कोरी जागाही देखणी ठेवणारा गिओम दलाए हा कोरणारा त्याहून मोठा. इंग्रज सर्वेक्षक रेनेलवर मी लिहिणार नाही. त्याच्या १७८२ च्या नकाशाच्या कोपऱ्यात ब्रिटानियापुढं शास्त्रग्रंथ धरून उभे असलेले ब्राह्मण पाहिले की माझी भूक मरते. १८२७ पासून इंचाला चार मैल या मापाचा 'अ‍ॅटलास ऑफ इंडिया' निघू लागला. उन्हातान्हात मोजणीच्या साखळ्या ओढणारे इथले, तांबं मात्र लंडनमध्ये जॉन वॉकरच्या देखरेखीखाली कोरलं जायचं. पुढं छायाचित्र जस्ताच्या पत्र्यावर उतरवून छापण्याचं फोटोझिंको तंत्र आलं, पुण्यातही सरकारी कचेरी निघाली, आणि कॅमेऱ्यानं कोरणी म्यानात घातली. तो काळ मी भरभर ओलांडतो.

आपल्याकडे तांबं कोरणारा हात नव्हता असं कुणी म्हणू नये. नाना फडणविसांच्या प्रोत्साहनानं पुण्यात एका तांबटानं गीता छापण्यासाठी पत्रे कोरायला घेतले होते. ते काम पुढं मिरजेला गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयानं १८०५ मध्ये तडीस गेलं. त्याच हातानं एखादा कृष्णाकाठ, एखादा घाटमाथा कोरला असता तर? पेशवाईतले नकाशे हातानं काढलेले, दप्तरात गुंडाळून ठेवलेले. ते पत्र्यावर चढवावेत असं कुणाला सुचलं नाही, याची मला आजही चुटपुट लागते.

आणि आता काय चाललंय? बांधीव अ‍ॅटलास उसवून पानं सुटी विकतात. साधं काळं छापलेलं पान परवाच्या रंगानं माखून 'त्या काळचं रंगकाम' म्हणून खपवतात. जुना हिरवा रंग तांब्यापासून केलेला असे आणि कालांतरानं कागद खात पाठीमागं तपकिरी उतरे. नव्या हिरव्याची पाठ स्वच्छ. ऑर्टेलियसच्या पानाची तर पाठच बोलते: मागचा मजकूर लॅटिन की डच की फ्रेंच, यावरून आवृत्तीचा माग लागतो. पण पानं चौकटीत, चौकटीला मागून कागद डकवलेला, आणि उघडून दाखवा म्हटलं की विक्रेत्याचं तोंड आंबट होतं. मी अशा दुकानात चहासुद्धा घेत नाही.