जन्मतिथीचा शोध आणि इतिहासकथन

इतिहासाचे अध्यापन नीरस होते ही तक्रार जुनी आहे, आणि तीवर सुचविला जाणारा उपायही तितकाच जुना : इतिहास गोष्टीरूपाने सांगावा. मात्र गोष्ट कशाची सांगावयाची, याचा विचार क्वचितच होतो. प्रसंगाला कल्पित संवादांची झालर लावली म्हणजे कथन रंजक होते खरे; पण श्रोत्याला त्यामुळे प्रश्न पडत नाही. घडलेली गोष्ट पुढे कळली कशी, हे सांगू लागताच प्रश्न पडू लागतात. छत्रपती शिवाजीमहाराजांच्या जन्मतिथीचा वाद हे याचे उत्तम उदाहरण होय.

उत्तरकालीन बखरींच्या आधारे शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे इ. स. १६२७ मधील तिथी दीर्घकाळ प्रचलित होती. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे देशमुखांच्या घराण्यातील शकावली प्रसिद्ध केली. तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र अशी नोंद आढळली. फरक जवळजवळ तीन वर्षांचा.

अध्यापकाने येथे थांबावे. पुढील पुरावा लगेच सांगून टाकला, तर उरते ती केवळ पाठ करावयाची तारीख. हाती असलेल्या एवढ्या नोंदीचीच परीक्षा विद्यार्थ्यांकडून करवून घेता येते. फाल्गुनी पौर्णिमेस चंद्र पूर्वा किंवा उत्तरा फल्गुनीच्या आसपास असतो. तेव्हा वद्य तृतीयेस तो हस्ताच्या सुमारास असावा, हे साहजिकच. वार मात्र असा अंदाजाने ठरत नाही, तो गणिताने काढावा लागतो. आणि गणित केले असता ज्युलियन कालगणनेप्रमाणे १९ फेब्रुवारी १६३० हा दिवस येतो, व तो शुक्रवारच आहे. तथापि एवढ्याने नोंद सुसंगत ठरते, सत्य ठरत नाही. जाणता ज्योतिषी मागाहूनही अशी नोंद रचू शकेल. ही शंका एखाद्या विद्यार्थ्याने काढली, तर तास सार्थकी लागला असे समजावे.

शंकेचे उत्तर गणितात नव्हे, दुसऱ्या साक्षीदारात आहे. कवींद्र परमानंदाचे संस्कृत ‘शिवभारत’ १९२७ मध्ये सदाशिव महादेव दिवेकर यांनी प्रसिद्ध केले. त्याची हस्तलिखित प्रत तंजावरची. या काव्यातही शुक्ल संवत्सर, शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया हीच तिथी येते. एक देशमुखी घराण्यातील कोरडे टिपण, दुसरे नायकाला अवतार मानणारे दरबारी काव्य. दोहोंची जात निराळी, हेतू निराळा. जोधपूरकडील एका कुंडलीसंग्रहातही महाराजांची कुंडली याच तिथीची मिळाली. परस्परांहून इतक्या भिन्न ठिकाणच्या साक्षी एकत्र येतात, तेव्हा बखरींतील तिथी टिकणे कठीण होते.

अशा शोधकथेलाही तिचा मोह असतोच. संशोधक नायक ठरतो आणि बखरकार विनाकारण खोटा पडतो. वास्तविक शके १५४९ ही समजूत का रुजली, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे. तो शक प्रभव संवत्सराचा, म्हणजे साठ संवत्सरांच्या चक्रातील पहिल्या वर्षाचा. नव्या युगाच्या प्रवर्तकाला हा आरंभ शोभून दिसला असेल काय? हा निव्वळ तर्क आहे. वर्गात तो तर्क म्हणूनच मांडावा, आणि विद्यार्थ्यांनी तो खोडून काढला तर उत्तमच.